त्रेसष्ट

"ताई, अजून किती वेळ गाडीच्या पोटाखाली? बाळंतपण करताय की काय तिचं?"

दलालाने वरून आवाज टाकला आणि स्वतःच्याच विनोदावर स्वतःच खिंकाळला. गाडीखालून भिंगताईचे फक्त दोन पाय बाहेर दिसत होते. त्या पायांनीच बोलावं तसं उत्तर आलं, "तसंच समजा. मूल कुणाचं तेवढं कळायचंय."

दातांचा डॉक्टर हसला. त्याची बायको त्याच्याहून मोठ्याने हसली. आणि मधोमध उभी असलेली ती लाल, बिनछताची, लांब नाकाची दोन माणसांची गाडी तेवढी गप्प होती, एखाद्या देखण्या पाहुणीसारखी, आपल्याबद्दलच सगळे बोलताहेत हे ठाऊक असलेली.

डॉक्टर या गाडीवर शाळेत असल्यापासून लट्टू होता. "ह्यांच्या पाकिटात लग्नाआधीपासून हिचा फोटो आहे," बायको दलालाला सांगत होती. "माझा नाही हं. माझा मागितला तर म्हणतात, तू तर घरातच असतेस!"

"मग वहिनी, आता हीसुद्धा घरातच येणार की," दलाल म्हणाला. "दोघींनी गुण्यागोविंदाने राहा."

भिंगताईचं खरं नाव काहीतरी होतं, पण ते फक्त विजेच्या बिलावर. जुन्या गाड्यांच्या दुनियेत ती भिंगताईच. गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग, खिशात टूथब्रश, पेन्सिल आणि पातळ कागद. हौशी माणसं जुनी मोटार घेण्याआधी तिला बोलवायची. गाडीचा आकडा दोन जागी असतो. एक खाली, लोखंडी सांगाड्यावर, म्हणजे चासीवर ठोकलेला. दुसरा वर, बॉनेटखाली रिव्हेट मारून बसवलेल्या पट्टीवर. दोन्ही जुळले तर गाडी आपल्या आईबापांची. नाही जुळले तर कुणाचं तरी धड आणि कुणाचं तरी नाव. गाडी चकचकीत आहे की नाही ते आंधळाही सांगेल, पण ती खरी आहे की नाही ते भिंगताई सांगायची. "जुळलं" असं ती म्हणाली की विषय संपला. दुसऱ्यांदा कुणी विचारत नसे.

हा दबदबा अर्धा तिचा आणि अर्धा तिच्या वडिलांचा. त्यांचं गॅरेज होतं, आणि "त्यांचा हात लागला म्हणजे गाडी गंगेत न्हाली" असं लोक म्हणायचे. धंदा तिला त्यांनीच शिकवला. पहिला नियमही त्यांचाच: आकडा वाचायचा तर एकेक. जोडून वाचायचा नाही. एकदा लहानपणी तिने जोडून वाचला, तर मुलीवर कधी हात न उगारणाऱ्या माणसाने खाडकन थोबाडीत दिली होती. तेव्हापासून तो नियम तिच्या हाडात मुरला होता. शिकायला येणाऱ्यांना ती अभिमानाने सांगायची, "आमच्या बाबांचा नियम आहे हा."

"ताई, मी काही मदत करू का?" डॉक्टरीणबाईंना नुसतं उभं राहणं जमत नव्हतं. "वरच्या पट्टीवरचा आकडा मी वाचते ना. माझे डोळे चांगले आहेत. ह्यांचा पगार मीच मोजून घेते."

"वाचा की. पण एकेक आकडा हं वहिनी. जोडून नाही."

टूथब्रशने खालच्या आकड्यावरची माती निघाली होती. ताईने टॉर्च तोंडात धरला आणि तर्जनी पहिल्या आकड्यावर ठेवली. वरून शाळेतल्या कवितेच्या चालीवर वाचन सुरू झालं. दोन. आठ. शून्य. एक. खाली बोट सरकत होतं. दोन, आठ, शून्य, एक.

"आणि शेवटचे, त्रेसष्ट!"

'त्रे' ऐकलं आणि ताईचं बोट तीनवर गेलं. 'सष्ट' ऐकलं आणि सहावर. जुळलं. "हं" म्हणायला तिने टॉर्च तोंडातून काढलासुद्धा. मग सवयीने म्हणाली, "जोडून नको म्हटलं ना. परत वाचा."

"अगं बाई, चुकलेच. सहा. तीन."

बोट जिथे होतं तिथेच राहिलं. बोटाखाली सहा होता, त्याच्या आधी तीन.

वर सहा तीन. खाली तीन सहा.

आपल्या लिपीत छत्तीस लिहून बघा. तीन आणि सहा एकमेकांकडे पाठ करून बसतात, रुसलेल्या जावांसारखे. त्रेसष्ट लिहिलं की तोंडाला तोंड. म्हणून तर ज्यांचं पटत नाही त्यांचा छत्तीसचा आकडा म्हणायची पद्धत. लोखंडावरचे आकडे परक्या लिपीतले होते, त्यांना रुसणं-फुगणं ठाऊक नव्हतं. पण कारखान्यातलं यंत्र अशी चूक करत नाही. अशी चूक फक्त आपल्या भाषेत मोजणारा माणूस करतो. कुणीतरी वाचून दाखवलेला 'त्रेसष्ट' ऐकत, घाईघाईत, 'त्रे' कानावर पडताच तीनचा ठसा उचलणारा माणूस.

ताईने भिंग डोळ्याला लावलं. आकड्यांखालचं लोखंड ग्राइंडरने घासलेलं होतं, बारीक ओरखडे एकाच दिशेला पळत होते. आणि तो तीन. त्याच्या खालच्या शेपटीचं टोक तुटलेलं होतं.

तुटक्या शेपटीचा तीन.

हा तीन तिने लहानपणी ओल्या मातीत उठवला होता, साबणाच्या वडीवर उठवला होता, एकदा तर स्वतःच्या पाटीच्या लाकडावर ठोकून आईचा मार खाल्ला होता. बाबांच्या ठशांच्या पेटीतला तीन.

ती बाहेर आली, कपडे न झटकताच दार उघडून ड्रायव्हरच्या जागी बसली आणि डॅशबोर्डच्या खाली हात घातला. वरून बघणाऱ्यांना वाटलं, तिथेही एखादा आकडा असेल. ती मात्र मनात म्हणत होती, नसू दे, नसू दे.

होता. बोटांना थंड, वाकडा, छोटासा पितळी हूक लागला.

त्या हुकाला एकेकाळी एक टोपी टांगलेली असायची आणि दुपारच्या वेळी दुसरीतल्या एका मुलीची पाण्याची बाटली. गाडी तेव्हा सायीच्या रंगाची होती. एका मोठ्या वकिलाची. तिचा ड्रायव्हर बाबांचा जिवाभावाचा दोस्त. गाडी कामाला आणली की तो त्या मुलीला शेजारी बसवायचा आणि तिच्याकडून पाढे म्हणवून घ्यायचा. "चला मास्तरीणबाई, आज कुठलं गाव? सातचं की आठचं?" हूक त्यानेच स्वतःच्या हाताने बसवला होता. मग एके दिवशी गाडी चोरीला गेली आणि ड्रायव्हरकाका तुरुंगात गेले. बाबांनी भर चौकात सांगितलं, "माझा दोस्त चोर निघाला. आजपासून माझ्या घरी त्याचं नाव काढायचं नाही." मुलीनेही काढलं नाही.

"काय मग?" डॉक्टरने विचारलं. त्याचा आवाज रिपोर्टची वाट बघणाऱ्या पेशंटसारखा झाला होता.

"संध्याकाळी सांगते. सहाला या. तोवर कशावरही सही करू नका."

"म्हणजे? ताई, जुळलं की नाही, एवढंच तर..." दलाल पुढे झाला.

"सहाला," ताई म्हणाली आणि हात न धुताच निघून गेली.

*

बाबा खाटेवर बसून दाराकडे कान लावून होते. डोळ्यांत आता फक्त उजेड-अंधार शिल्लक होता, पण जीभ होती तशीच, कानशीसारखी.

"आज लवकर? की गिऱ्हाइकाने हाकललं?"

"बाबा, तुमची ठशांची पेटी कुठे आहे?"

"असेल माळ्यावर. का, लग्नात देणार आहेस कुणाला?"

"त्यातल्या तीनची शेपटी तुटली होती ना?"

म्हाताऱ्याच्या जबड्याची हालचाल थांबली. तो काहीतरी चघळत होता, ते त्याने गालात सरकवलं.

"लाल झालीय आता," ताई म्हणाली. "आधी सायीची होती. डॅशबोर्डखाली हूक अजून आहे."

शेजारच्या घरात कुणीतरी लहान मुलाला रागवत होतं, ते सगळं स्पष्ट ऐकू येत होतं.

"फिरून फिरून आली म्हणायची," बाबा शेवटी म्हणाले. "छान गाडी होती. आवाज काय होता तिचा, मांजरीसारखा."

"बाबा!"

"ओरडू नकोस, बहिरा नाही मी. काय विचारायचंय? केलं मी. तशीच एक गाडी माझ्या दारात मरून पडली होती. झाडावर आदळून चेंदामेंदा झालेली. तिचे कागद होते, अंग नव्हतं. हिला अंग होतं. मेलीचं नाव जितीला दिलं, बस. त्यासाठी आभाळ कोसळलं नाही."

"काकांवर कोसळलं."

"त्याने किल्ली माझ्याकडे टाकली आणि गेला चहा प्यायला. आता मी काय करू? समोर वाढलेलं ताट आणि राखणदार गेलेला."

ताई खाली जमिनीवर बसली. तिला त्या संध्याकाळचं स्टूल आठवलं. त्यावर तिला उभं करून बाबांनी तिच्या हातात टॉर्च दिला होता. आपण आकड्यांचा खेळ खेळू, ते म्हणाले होते. झाडावर आदळलेल्या गाडीच्या पट्टीवरचे आकडे तिने मोठ्याने वाचायचे आणि पलीकडे बाबांनी हातोडी मारायची. ठक्. पुढचा सांग. ठक्. तिला नुकतंच साठीच्या घरातलं वाचता यायला लागलं होतं. वर्गात सगळे अडखळायचे तिथे ती अडखळायची नाही. म्हणून शेवटचे दोन आकडे तिने ऐटीत एकदम वाचले. मग दोन ठोके, बाबांची आकड्यांवर एक फुंकर आणि खाडकन थोबाडीत.

"तो नियम," ती हळूच म्हणाली. "एकेक आकडा वाचायचा. तो त्या दिवशी केलात तुम्ही."

"मग? परत घासायला लोखंड उरलं नव्हतं. चुकीतून माणूस शिकतो." म्हातारा चक्क हसला. "आणि चूक तुझीच होती, पोरी. मी लोखंड चोरलं असेल, पण त्रेसष्ट तू म्हणालीस. नाहीतर तुझ्या बापाचा हात कुणाला सापडला असता?"

ती उठली. चूल पेटवली, जेवण गरम केलं, ताट वाढून त्याच्या हाताशी ठेवलं, पाण्याचा पेला उजवीकडे, रोजच्यासारखाच. सवयीला राग-लोभ नसतो.

"मी सांगणार आहे," ती दारातून म्हणाली.

"सांग. मला आंधळ्याला घेऊन जातील आणि दोन दिवसांत कंटाळून परत आणून टाकतील. तुझं काय? चोराच्या पोरीला आकडे बघायला कोण बोलावणार? भिंग विकून टाक मग." त्याने चाचपडत पेला शोधला. "आणि येताना मीठ आण. संपलंय."

*

ड्रायव्हरकाका बाजारामागच्या वाहनतळावर राखणदार होते. ताईला हे नेहमीच ठाऊक होतं. म्हणून तर स्कूटर लावायला ती दोन गल्ल्या लांब जायची. आज ती सरळ फाटकातून आत शिरली.

काका दोन्ही हात पाठीमागे बांधून गाड्यांच्या रांगेतून फिरत होते. ते नेहमी असेच फिरायचे. बाजारातली पोरं त्यांना 'साहेब' म्हणून चिडवायची, कारण हात मागे बांधून चालतात ते साहेबच. एक बाई तेवढ्यात म्हणाली, "अहो, गाडी जरा ढकला ना, निघत नाहीये." काकांनी मान हलवली आणि लांबच्या हमालाला हाक मारली. स्वतः पुढे झाले नाहीत. ताईला आत्ता कळलं, हे साहेबी चालणं नव्हतं. हा माणूस कुठल्याच गाडीला हात लावत नव्हता.

"काका."

त्यांनी बघितलं. ओळखलं. ओळखल्याचं लपवून म्हणाले, "स्कूटर त्या कोपऱ्यात लावा, ताई."

"काका, गाडी सापडली. सायीची. हूक आहे अजून."

ते वाहनतळाच्या भिंतीला टेकले. लगेच सरळही झाले, जणू टेकायचीही परवानगी नव्हती.

"रंग कोणता आता?"

"लाल."

"शोभत नसेल," ते म्हणाले. "दुसरा गिअर अडतो का अजून? थोडा मागे घेऊन मग टाकावा लागायचा."

ताईला रडू आलं आणि तिने ते गिळलं. रडायचा हक्क आपला नाही हे तिला कळत होतं. तिने सगळं सांगितलं. ठसा, स्टूल, त्रेसष्ट. बाबा काय म्हणाले तेही, ताटासकट. काका खाली मान घालून ऐकत राहिले.

"किल्ली त्यांच्याकडे होती, हे तुम्हाला ठाऊक होतं," ती म्हणाली. "पोलिसांना का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर त्याला उचललं असतं. घरात बायको आजारी, तू एवढीशी. मला वाटलं, उगाच दोन घरं कशाला बुडवायची? गाडी काय, आज ना उद्या सापडेल."

"त्यांनीच घेतली असेल, असं कधीच नाही वाटलं?"

"वाटलं ना. तो चौकात मला चोर म्हणाला तेव्हा वाटलं. खऱ्या दोस्ताने आधी मला विचारलं असतं." त्यांनी फाटकाकडे एकदा बघून घेतलं. "पण तोवर उशीर झाला होता. चोराने दुसऱ्याला चोर म्हटलं तर कोण ऐकतं?"

"आता ऐकतील. मी सांगते सगळ्यांना. काकूंनाही मी स्वतः..."

"ती गेली," काका म्हणाले. "मी आत होतो तेव्हाच माहेरी गेली, मग तिथूनच वर. शेवटपर्यंत म्हणायची म्हणे, निदान मला तरी खरं सांगायचं होतं. मी खरंच सांगितलं होतं तिला."

एक गाडी फाटकाशी येऊन हॉर्न वाजवू लागली. काकांनी जाऊन अडसर उचलला, गाडी आत घेतली, अडसर पाडला आणि परत आले. हात पुन्हा पाठीमागे.

"तुम्ही चला माझ्याबरोबर," ताई म्हणाली. "तुमच्यासमोर सांगते."

"बदलीचा माणूस येऊ दे. फाटक सोडून गेलो तर म्हणतील, होताच तसला."

तो येईपर्यंत ताई फाटकाशी उभी राहिली.

*

सहाला सगळे जमले. दलालाने ताईबरोबरच्या म्हाताऱ्याकडे बघून कपाळाला आठी घातली. "हे कोण? यांनाही गाडी घ्यायचीय?"

"यांची होती," ताई म्हणाली. "चालवायला." आणि मग डॉक्टरकडे वळून, ज्या सुरात ती रोज बोलायची त्याच सुरात तिने सांगितलं. वर सहा, तीन. खाली तीन, सहा. खालचा आकडा घासून नवा ठोकलाय. गाडी चोरीची आहे. घेऊ नका.

"अहो, कुणीतरी चुकून..." दलाल मध्येच बोलला. "एवढ्या जुन्या गोष्टीला पुरावा काय? कुणाचा ठसा आणि कुणाचं काय!"

"ठसा माझ्या वडिलांचा. आकडे मी वाचून दाखवले होते. लहान होते. घासलेल्या जागेवर पोलीस तेजाब लावतील, खालचा खरा आकडा वर येईल. लोखंडातून जात नाही तो."

डॉक्टरीणबाईंनी तोंडावर हात ठेवला. दलालाने एक पाऊल मागे घेतलं, आणि त्या एका पावलात ताईला आपला पुढचा सगळा धंदा दिसला. उद्या प्रत्येक गॅरेजात ही गोष्ट पोचणार होती आणि तिखटमीठ लावून पोचणार होती. ज्या माणसाचा हात म्हणजे गंगा, त्याची पोरगी. अहो, ती स्वतःच आकडे वाचून द्यायची!

डॉक्टरने फोन काढला. नंबर लावण्याआधी त्याने एकदाच ताईकडे बघितलं. तिने मान हलवली. तो बोलायला बाहेर गेला. ठाणं जवळच होतं.

काका गाडीभोवती हळूहळू फिरत होते. हेडलाइट, नाक, दाराची कड. दर दोन पावलांवर थांबत होते. ताईने ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं.

"बसा काका."

त्यांनी नकाराची मान हलवली.

"हात तरी लावा. आता कोण काय म्हणणार आहे?"

"पोलीस येतायत ना," ते म्हणाले. "त्यांना दिसायला नको."

मग ते वाकले. हात पाठीमागेच ठेवून, गुडघ्यांत वाकून, विहिरीत डोकावावं तसे ते डॅशबोर्डच्या खाली डोकावले आणि बराच वेळ तसेच राहिले. ताईने टॉर्च लावला.

"काळं पडलंय," काका म्हणाले. "पितळ आहे ते. मी रोज पुसायचो. नुसत्या फडक्याने निघतं, पण रोज पुसावं लागतं."

ताईने खिशातलं फडकं काढून त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी घेतलं नाही. मग ती स्वतःच आत सरकली, अंग चोरून, आणि हूक पुसायला लागली.

"बुडाशी पूस," ते बाहेरून म्हणाले. "स्क्रूच्या भोवती. तिथे साचतं. हां. आता डावीकडे. जोर नको लावू, मास्तरीणबाई, सैल होईल."

ती पुसत राहिली. टॉर्चच्या उजेडात काळ्याखालून पिवळा ठिपका उगवू लागला. तिने मान वळवून बघितलं. काका तसेच वाकलेले होते. मागे बांधलेल्या हातांची बोटं हलत होती, एकमेकांवर, गोल गोल, फडकं धरल्यासारखी.